आधी दगड उलटा, मग रॉड जोडा: सह्याद्रीच्या नद्यांवर फ्लाय फिशिंग

फ्लाय म्हणजे पिसं, लोकर आणि तार गळावर गुंडाळून केलेला खोटा किडा. तो इतका हलका असतो की त्याच्या वजनावर तो फेकताच येत नाही. म्हणून इथे लाइन, म्हणजे रॉडची दोरी, जाड आणि वजनदार असते, आणि ती फेकली की किडा मागोमाग जातो. पण खरी मेख फेकण्यात नाही. माशासमोर कुठला किडा ठेवायचा हे कळणं ही मेख, आणि ते नदीतल्या दगडाच्या खालच्या बाजूवर लिहिलेलं असतं. नदी आजारी पडली तर त्याचीही पहिली खूण तिथेच दिसते. त्यामुळे या छंदात मासेमारी आणि नदीची निगा ही दोन वेगळी कामं राहत नाहीत.

पाण्यात उतरण्यापूर्वी

घाटमाथ्यावरून पूर्वेला जाणाऱ्या नद्यांचे वरचे टप्पे आणि कोकणात उतरणाऱ्या नद्यांचे कातळातले कोंड ही फ्लायसाठी चांगली जागा. पाणी गुडघा ते मांडीभर खोल, तळाला गोटे, आणि एकाआड एक खळाळ आणि डोह असावेत.

परवानगीचा प्रश्न आधी मिटवा. धरणाच्या जलाशयात मासेमारीचा ठेका बहुधा स्थानिक मच्छिमार सहकारी संस्थेकडे असतो, तेव्हा तिच्या सचिवाला भेटून विचारायचं. अभयारण्याच्या हद्दीत वनविभागाच्या परवानगीशिवाय गळ टाकायचा नाही. गावच्या नदीवर ग्रामपंचायतीत किंवा पोलीसपाटलांना सांगून ठेवलं की पुढची बरीच अडचण टळते. पाणवठ्यावर बायका धुणं धूत असतील तर तिथून लांब, वरच्या अंगाला जा.

देवाच्या डोहात गळ टाकायचाच नाही. वाडा तालुक्यात वैतरणेवर तिळसेश्वर आणि महाडजवळ वाळणकोंड इथले महसीर मासे लोकांच्या श्रद्धेमुळे टिकले आहेत. असे डोह पैदाशीचे मासे सांभाळतात आणि आजूबाजूच्या पाण्याला बीज पुरवतात.

दोन धोके नीट समजून घ्या. पहिला, धरणातून किंवा वीजकेंद्रातून सुटणारं पाणी. कोलाडची कुंडलिका सकाळी भिऱ्याच्या वीजकेंद्रातून पाणी सुटलं की भरते. अशा नदीत उतरताना पाण्याच्या रेषेवर एक ओळखीचा दगड ठेवा आणि दर दहा मिनिटांनी त्याकडे बघा. दगड भिजला, पाणी गढूळलं किंवा काड्या-पानं वाहून यायला लागली की सामान न आवरता बाहेर पडायचं. दुसरा धोका मगरीचा. सांगली भागातली कृष्णा, चिपळूणची वाशिष्ठी आणि महाडची सावित्री या नद्यांमध्ये मगरी आहेत. तिथे पाण्यात उभं राहून मासेमारी करू नका, काठावर वाकून मासाही धुऊ नका.

दगड कसा उलटायचा

खळाळात वाटीएवढा ते ताटाएवढा गोटा निवडा. त्याच्या खालच्या अंगाला, म्हणजे पाणी जिकडे जातं तिकडे, बारीक जाळी धरा आणि मगच दगड उचला. जाळी न धरता उचलला तर निम्मे किडे वाहून जातात आणि दगड रिकामा वाटतो. दगड हवेत उलटा करून वीस-तीस सेकंद शांतपणे बघा, कारण किडे हलायला लागल्याशिवाय दिसत नाहीत.

तीन शेपट्या आणि पोटाच्या दोन्ही बाजूंना थरथरणारे कल्ले दिसले की ते मेफ्लाय या उडणाऱ्या किड्याचं पिल्लू. त्यातली चपटी, रुंद डोक्याची पिल्लं दगडाला चिकटून असतात आणि खेकड्यासारखी आडवी सरकतात. दोन शेपट्या आणि कल्ल्यांचे झुपके पायांच्या बगलेत असतील तर स्टोनफ्लाय. ही जंगलातल्या थंड, वाहत्या ओढ्यांत भेटते. दगडाच्या खाचेत कोळ्याच्या जाळ्यासारखं चिकट काही असेल आणि त्यात हिरवट-तपकिरी अळी वेटोळं करून बसली असेल तर ती कॅडिस. तिची काही भावंडं वाळूच्या कणांचं नळीसारखं घर करतात. चतुर आणि टाचणी या किड्यांची पिल्लं कडेच्या गवतात असतात. लाल, दोऱ्यासारख्या अळ्या चिखलात दिसतात. त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असल्यामुळे प्राणवायू जवळजवळ संपलेल्या पाण्यातही त्या जगतात.

ब्रिटनमध्ये तयार झालेल्या बीएमडब्ल्यूपी पद्धतीत किड्यांच्या प्रत्येक कुळाला 1 ते 10 गुण असतात; कुळ जितकं कमी प्रदूषण सोसतं तितके गुण जास्त. चपट्या मेफ्लायला आणि मोठ्या स्टोनफ्लायला 10, जाळं विणणाऱ्या कॅडिसला 5, छोट्या पोहणाऱ्या मेफ्लायला 4, लाल अळ्यांच्या कुळाला 2 आणि गाळातल्या गांडुळांना 1. आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे जैविक निकषही याच धर्तीचे आहेत. बाटलीत भरलेलं पाणी त्या क्षणाचं सांगतं. दगडाखालचा किडा मात्र तिथे कित्येक आठवडे राहिलेला असतो. रात्री गुपचूप सोडलेलं सांडपाणी सकाळच्या बाटलीत सापडत नाही, पण चपट्या मेफ्लाय गायब झाल्या की ते लपत नाही.

महिन्यातून एकदा हेच काम मोजून करा. मच्छरदाणीच्या कापडाचा साधारण मीटरभर लांब-रुंद तुकडा दोन बांबूंमध्ये शिवून घ्या. एकाने तो प्रवाहात तिरका, खालची कड तळाला टेकवून धरायचा. दुसऱ्याने त्याच्या वरच्या अंगाला पायाने गोटे घुसळायचे. एकूण तीन मिनिटं घुसळायचं: एक मिनिट जोरदार धारेत, एक संथ भागात, एक कडेला. मग सगळं पांढऱ्या टबात दोन-तीन सेंटिमीटर पाण्यात उतरवा आणि गाळ बसू द्या. प्लास्टिकचा चमचा आणि रंगाचा मऊ ब्रश घेऊन प्रकार वेगळे करा. नेमका आकडा लागत नाही. 1 ते 9, 10 ते 99, 100 ते 999 असे गट पुरतात. टब सावलीत ठेवा आणि वीस मिनिटांच्या आत किडे जिथून उचलले तिथेच सोडा. उन्हात टबातलं पाणी तापतं आणि स्टोनफ्लाय सगळ्यात आधी मरते.

खळाळ दर वेळी तोच हवा. जागा बदलली तर फरक नदीत पडला की जागेमुळे पडला हे कळत नाही. पावसाळ्यात हे करूच नका. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बारीक खडीत नुकती निघालेली पिल्लं असतात, तेव्हा मोठ्या गोट्यांपुरतंच थांबा. शिवाय एका मोठ्या पुरानंतर किडे कमी दिसतात, त्याने घाबरून जायचं कारण नाही. पुन्हा भरायला काही आठवडे लागतात.

सामान

छोट्या माशांसाठी 8.5 ते 9 फुटी, 4 किंवा 5 वजनाचा रॉड (हा आकडा लाइनच्या वजनाचा क्रमांक असतो) आणि त्याच वजनाची तरंगती लाइन. लीडर, म्हणजे लाइनच्या पुढचा पारदर्शक दोरा, 9 फुटांचा, टोकाकडे निमुळता होत 4एक्सचा, म्हणजे सुमारे 0.18 मिमी. त्याला दोन फूट 5एक्स टिपेट, म्हणजे फ्लाय बांधायचा शेवटचा बारीक दोरा, 0.15 मिमी. महसीरसाठी 8 वजनाचा रॉड आणि 0.28 मिमी किंवा त्याहून जाड टिपेट लागतं. बारीक टिपेटवर मोठा महसीर धरण्यात काही मर्दुमकी नाही. झुंज लांबते, मासा पार दमतो, सोडल्यावर पोहत जातो, पण नंतर मरूही शकतो.

लीडर आणि टिपेट सर्जन्स गाठीने जोडा, फ्लाय क्लिंच गाठीने बांधा. गाठ आवळण्यापूर्वी थुंकीने ओली करायची. कोरडी आवळली की घर्षणाने नायलॉन तापतं, त्याला बारीक कुरळेपणा येतो आणि पहिल्याच हिसक्याला तिथेच तुटतं. तसा कुरळेपणा दिसला तर कंटाळा न करता कापून पुन्हा बांधा.

प्रत्येक गळाचा काटा, म्हणजे टोकामागचा उलटा दात, पकडीने दाबून सपाट करून टाका. तपासायला गळ कापसात टोचून बाहेर काढा. कापूस अडकला तर काटा अजून आहे. वजनासाठी शिसं वापरू नका, पितळी किंवा टंगस्टनचा मणी घ्या. कापलेले नायलॉनचे तुकडे झाकणाच्या डबीत टाकून घरी न्यायचे. वितभर तुकडाही वंचक बगळ्याच्या पायात अडकला तर तो पाय गळून पडू शकतो.

घोंगडीच्या लोकरीची फ्लाय

बांधायचं निम्मं सामान आपल्याकडेच मिळतं. धनगरी घोंगडीची काळी-तपकिरी लोकर चरबट असते, पाण्यात लगेच गच्च होत नाही आणि तिचे उभे राहिलेले केस मेफ्लायच्या पायांसारखे दिसतात. गावठी कोंबड्याच्या मानेची पिसं चिकनवाल्याकडे मिळतात. मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात 0.1 ते 0.2 मिमीची तांब्याची तार उरलेली असते. जंगली कोंबड्याची पिसं किंवा सशाचे केस मात्र घेऊ नका. हे प्राणी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम 1972 खाली संरक्षित आहेत.

14 नंबरचा गळ घ्या. त्यात 2.5 मिमीचा मणी टोकाकडून सरकवून डोळ्यापाशी आणा. तपकिरी धागा मण्यामागून सुरू करून गळाच्या वळणापर्यंत न्या. तिथे पिसाचे तीन तंतू शेपटी म्हणून बांधा, गळाच्या दांड्याच्या निम्म्या लांबीचे. तिथेच तार अडकवा. आता चिमूटभर लोकर घ्या आणि त्यातली निम्मी ठेवून द्या, कारण सगळ्यांकडून इथे जास्तच लोकर लागते. उरलेली धाग्यावर बोटांनी एकाच दिशेने पिळा. ती पुढे गुंडाळत जा, शेपटीकडे बारीक आणि मण्याकडे जाड. तार उलट दिशेने पाच वेढ्यांत पुढे आणा. एकाच दिशेने आणली तर ती लोकरीत बुडते आणि तिचा उपयोगच होत नाही. मण्यामागे लोकरीचे आणखी दोन वेढे, मग गाठ. शेवटी सुईने छातीखालची लोकर थोडी उपसा.

दुसरी एक फ्लाय आपल्या नद्यांसाठीच आहे. उंबराची फांदी डोहावर आलेली असते आणि पिकलेली उंबरं टपटप पाण्यात पडतात. महसीर ती खायला खाली थांबतो. 6 नंबरच्या मजबूत गळावर विटकरी रंगाच्या फोमचा 12 मिमीचा गोळा बांधा. फांदीच्या सावलीत तो टपकन पडू द्या आणि अजिबात ओढू नका. पडलेलं उंबर पोहत नसतं.

पाणी वाचणं आणि फेकणं

मासा तोंड प्रवाहाकडे करून उभा असतो, म्हणून खालच्या अंगाने वर जा. सूर्य पाठीशी असेल तर तुमची सावली डोहावर पडते, तेव्हा बाजू बदला. वेगवान आणि संथ पाणी जिथे एकमेकांना घासून जातं ती रेघ शोधा. मासा संथ बाजूला थांबतो आणि वेगवान बाजूचं खाणं टिपतो. डोहाच्या तोंडाशी, मोठ्या दगडाच्या मागे आणि पुढेही, आणि संध्याकाळी डोहाच्या शेपटाला.

आपल्या ओढ्यांवर करंज-जांभळीच्या फांद्या डोक्यावर असतात, मागे लाइन न्यायला जागा नसते. म्हणून रोल कास्ट, म्हणजे लाइन मागे न उडवता फेकणं, आधी शिका. सहा-सात मीटर लाइन समोर पाण्यावर असू द्या. रॉड सावकाश वर घ्या, टोक खांद्यामागे जाईपर्यंत. आता थांबा. लाइन रॉडच्या टोकापासून मागे झोळीसारखी लोंबली पाहिजे आणि तिचा पुढचा भाग पाण्याला चिकटलेला हवा. मग हळू सुरुवात करून वेग वाढवत पुढे न्या आणि डोळ्यांच्या उंचीवर एकदम थांबवा. थांबायची घाई केली तर पाण्याची पकड मिळत नाही आणि लाइनचा ढीग समोर पडतो. पुढे नेताना एकदम हिसका दिला तर लाइन स्वतःलाच ओलांडते आणि लीडरला गाठ बसते. या गाठीला वारा कारण नसतो, हिसका असतो.

पाण्यावर पडलेली लाइन वेगळ्या वेगाच्या धारांमध्ये अडकली की फ्लाय ओढली जाते. खरा किडा धारेला आडवा पोहत नाही, त्यामुळे मासा तिला शिवत नाही. लाइन पडल्याबरोबर रॉडच्या टोकाने तिचं पोट उचलून प्रवाहाच्या वर टाका. झोऱ्या, खवली असे छोटे मासे फ्लाय तोंडात घेऊन क्षणात थुंकतात. लीडरचं टोक किंचित थबकलं की वितभर उचला. महसीरच्या वेळी उलट करा: रॉड उचलू नका, डाव्या हाताने लाइन सरळ ओढून गळ बसवा.

मासा सोडताना

हात आधी ओले करा. कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथे बुरशी लागते. जाळी रबराची हवी, गाठींच्या नायलॉन जाळीने खवले आणि पर फाटतात. मासा पाण्यातच ठेवून गळ काढा. फोटो काढायचाच असेल तर कॅमेरा तयार झाल्यावर दहा सेकंद, पाण्याच्या वर गुडघ्याएवढ्या उंचीवर. मार्चनंतर कातळ तव्यासारखा तापतो, त्यावर मासा ठेवणं म्हणजे भाजणंच. गळ घशात गेला असेल तर ओढाताण न करता टिपेट कापा. सोडताना तोंड प्रवाहाकडे धरून, तो स्वतःहून शेपटी मारेपर्यंत थांबा. पुढे-मागे हलवू नका, कल्ल्यांतून पाणी उलटं जातं.

चिलापीला, म्हणजे बाहेरून आलेल्या तिलापियाला, हा नियम नाही. उजनीत ती भरमसाठ आहे आणि स्थानिक माशांची जागा खाते. 14 नंबरच्या बारीक फ्लायवर ती छान लागते, चवीलाही चांगली. ठेकेदार संस्थेची परवानगी घेऊन घरी न्या. मत्स्यालयातला सकरमाउथ सापडला तर तोही परत सोडू नका.

नदीत मासे आणून सोडण्याचा उत्साह मात्र आवरा. लोणावळ्याला वळवण इथल्या हॅचरीत टाटांनी 1970च्या दशकापासून महसीरची पैदास केली. तिथला दख्खनी महसीर कावेरीत सोडला गेला, तो तिथे फोफावला आणि कावेरीचाच कुबड्या महसीर मागे पडला. 2018 मध्ये कुबड्या अतिसंकटग्रस्त ठरला. हाच दख्खनी महसीर मुळा-मुठेचा मूळ रहिवासी. कर्नल साइक्स यांनी 1839 मध्ये त्याचं वर्णन पुण्याजवळच्या माशांवरून केलं आणि खुद्री हे इथलंच नाव शास्त्रीय नावात घेतलं. कोळस, मळ्या, नुकटा ही नावंही अशीच कोळ्यांच्या तोंडून शास्त्रात गेली आहेत.

कधी थांबायचं

ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत खुशाल जा, सकाळी आणि संध्याकाळी. पहिल्या पावसात वलगणीचे मासे अंडी घालायला वर चढतात, पोटं भरलेली असतात, तेव्हा गळ नको. एप्रिल-मे मध्ये धार तुटते आणि मासे सुट्या डोहांत कोंडतात. त्यांना पळायला जागा नसते आणि गरम पाण्यात प्राणवायू कमी असतो. एक साधा थर्मामीटर जवळ ठेवा. सकाळीच पाणी 28 अंशांच्या वर असेल तर त्या दिवशी मासे सोडून किडे मोजा.

काही बिघडलं तर

मासे पृष्ठभागावर तोंड उघडून गटागटा हवा घेत असतील तर प्राणवायू संपतो आहे. हे बहुधा पहाटे दिसतं, कारण रात्रभर शेवाळ प्राणवायू वापरतं आणि उजेड नसल्याने तयार करत नाही. मत्स्यजीवनासाठी लिटरमागे किमान 4 मिलिग्रॅम प्राणवायू हा केंद्रीय मंडळाचा निकष आहे. मोजायचा तर उजाडताना मोजा. दुपारी मोजलेला आकडा फसवा असतो.

मेलेले मासे दिसले तर आधी वेळ आणि ठिकाणासह फोटो. मग एक लिटरच्या दोन स्वच्छ बाटल्या: एक संशयित नाल्याच्या वरच्या अंगाला, दुसरी खालच्या. बाटली नदीच्याच पाण्याने तीनदा खंगाळा, पाण्याखाली धरून बुडबुडा न राहता भरा, झाकण पाण्यातच लावा, बर्फात ठेवा. वरच्या अंगाची बाटली घ्यायला लोक विसरतात, आणि तिच्याशिवाय पाणी नाल्यामुळेच बिघडलं असं म्हणता येत नाही. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात लेखी तक्रार द्या, पोच घ्या, प्रत ग्रामपंचायतीला. किडे मोजल्याच्या नोंदी जोडा. सहा महिने 10 ते 99 गटात असलेला चपटा मेफ्लाय एका महिन्यात शून्यावर आला, हे कागदावर दाखवता येतं. नंतर माहितीच्या अधिकारात तपासणीचा अहवाल मागा. त्याला 30 दिवसांची मुदत आहे.

जिलेटिन, ब्लीचिंग पावडर किंवा विजेची तार टाकून मासे मारणारे दिसले तर अंगावर जाऊ नका. लांब जाऊन 112 ला फोन करा. स्फोटक आणि विष वापरून मासे मारणं 1897च्या भारतीय मत्स्य अधिनियमापासून गुन्हा आहे.

काठावर काही लावायचं असेल तर शोभेची झाडं नकोत. उंबर, करंज, जांभूळ, वाळुंज लावा, आणि पात्रातली शेरणी कुणी झुडूप म्हणून तोडत असेल तर थांबवा. तिची मुळं गोट्यांमध्ये शिरून पुरातही खळाळ जागेवर धरून ठेवतात. खळाळ राहिला तर दगड राहतात, आणि दगडांखाली किडे.

घरी आल्यावर बूट, जाळी आणि टब घासून धुवा, शिवणीतला चिखल काढा आणि दुसऱ्या नदीवर जाण्यापूर्वी दोन दिवस कडक उन्हात वाळवा. वही मात्र त्याच संध्याकाळी लिहा: तारीख, खळाळ, पाण्याचं तापमान, कुठले किडे कुठल्या गटात, कुठल्या फ्लायला काय लागलं.